दोन इंटरनेट जोडण्यांचा राउटर : वेग मंदावण्याची कारणे आणि तपासणी

घरातून कार्यालयीन काम करणारे नोकरदार, लहान रुग्णालये, सनदी लेखापालांची कार्यालये आणि ऑनलाइन परीक्षा देणारे विद्यार्थी यांपैकी अनेकजण आता एकाऐवजी दोन इंटरनेट जोडण्या घेतात. एक बंद पडली तरी काम अडू नये, हा त्यामागील हेतू असतो. दोन्ही जोडण्या एकाच राउटरला जोडल्या जातात. मात्र असा राउटर बसविल्यानंतर वेग वाढण्याऐवजी पूर्वीपेक्षा कमी झाल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. दोन देयके भरूनही दूरदृश्य बैठकीत समोरच्याचा आवाज तुटत असेल, तर ग्राहकाचा संताप स्वाभाविक आहे. परंतु अशा वेळी दोष सेवापुरवठादाराच्या तारेतच असतो असे नाही.

दोन जोडण्या म्हणजे दुप्पट वेग नव्हे

दोन जोडण्यांचा राउटर दोन प्रकारे चालविता येतो. पहिल्या प्रकारात सर्व वाहतूक मुख्य जोडणीवरून होते व ती बंद पडल्यावरच दुसरी कामाला लागते. यास फेलओव्हर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात दोन्ही जोडण्या एकाच वेळी वापरल्या जातात. यास लोड बॅलन्सिंग, म्हणजेच भारविभागणी, असे नाव आहे. गैरसमज होतो तो या दुसऱ्या प्रकारात.

भारविभागणी करताना राउटर एकाच फाइलचे तुकडे दोन मार्गांवर वाटत नाही. संगणक आणि दूरचा सर्व्हर यांच्यात जे एक संपर्कसत्र सुरू होते, ते संपूर्णपणे एकाच जोडणीवरून चालते. नदीवर दोन पूल असले तरी एक मालमोटार एकाच पुलावरून जाते, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या दोन जोडण्या असल्या, तरी एकाच सत्रातून येणारी फाइल १०० मेगाबिटपेक्षा जलद उतरणार नाही. त्यातही आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने पडद्यावर तो वेग प्रतिसेकंद १२ मेगाबाइटच्या आसपासच दिसेल.

कार्यालयाच्या व्हीपीएनवरून काम करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. व्हीपीएन हे बाहेरून पाहता सामान्यतः एकच सत्र असते. त्यामुळे दिवसभराचे सगळे काम दोनपैकी एकाच जोडणीवरून होते आणि ती कोणती, हे राउटर ठरवितो. वेग मोजणारी संकेतस्थळे मात्र अनेक सत्रे एकदम उघडतात. साहजिकच तेथे दोन्ही जोडण्यांची बेरीज दिसू शकते, पण एकाच सत्रातून होणाऱ्या कामात ती अनुभवास येत नाही.

प्रथम जोडण्या वेगळ्या कराव्यात

राउटरमधील सेटिंग एकामागून एक बदलत बसणे, ही या बाबतीतील सर्वांत मोठी चूक होय. चार गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाने आला, हे कळत नाही. त्याऐवजी पुढील मापे क्रमाने घेऊन कागदावर लिहून ठेवावीत.

पहिल्या जोडणीचा मोडेम किंवा फायबरची पेटी केबलने थेट लॅपटॉपला जोडून वेग पाहावा. काही जोडण्यांसाठी सेवापुरवठादाराने दिलेले वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द येथे द्यावा लागतो. दुसऱ्या जोडणीचेही तसेच करावे. त्यानंतर राउटर मध्ये घेऊन प्रथम केवळ पहिली, मग केवळ दुसरी आणि शेवटी दोन्ही जोडण्या लावून मापे घ्यावीत. प्रत्येक माप किमान तीन वेळा घ्यावे, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास. या तपासणीत वायफाय अजिबात वापरू नये. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात शेजाऱ्यांच्या संचांची इतकी गर्दी असते की मंद वायफायचा दोष विनाकारण जोडणीच्या माथी मारला जातो.

थेट लॅपटॉपवरही वेग कमी असेल, तर प्रश्न सेवापुरवठादाराचा आहे. थेट जोडल्यावर वेग ठीक, पण राउटरमधून एकच जोडणी चालवितानाही कमी पडत असेल, तर राउटर किंवा केबल संशयित ठरते. प्रत्येक जोडणी स्वतंत्रपणे उत्तम आणि दोन्ही एकत्र येताच गोंधळ, असे दिसले तर दोष भारविभागणीच्या मांडणीत शोधावा.

भाराचे प्रमाण

समजा, एक जोडणी २०० मेगाबिटची फायबर आणि दुसरी ४० मेगाबिटची बिनतारी आहे. राउटरमध्ये दोन्हींना एकास एक असे प्रमाण दिलेले असेल, तर जवळपास निम्मी सत्रे धिम्या जोडणीवर जातात. एका वृत्तपृष्ठासाठी पंचवीस-तीस सत्रे लागत असतील, तर त्यांतील निम्मी रेंगाळतात आणि संपूर्ण पान रेंगाळल्यासारखे वाटते. प्रमाण पाचास एक केल्यास हा त्रास बराच कमी होतो. काही राउटरांत प्रमाणाऐवजी प्रत्येक जोडणीचा वेग लिहावयाचा असतो. तेथे जाहिरातीतील नव्हे, तर वरील तपासणीत मोजलेला आकडा लिहावा.

दोन जोडण्यांत इतकी तफावत असेल तर भारविभागणीचा आग्रह मुळातच सोडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. धिमी जोडणी राखीव ठेवणे अधिक सुखाचे ठरते. मात्र जोडणी जिवंत आहे की नाही, हे राउटर एखाद्या दूरच्या पत्त्यावर संदेश पाठवून ठरवितो. तो पत्ताच उत्तर देण्यास टाळाटाळ करीत असेल, तर चांगली जोडणी पुनःपुन्हा मृत घोषित होते व सत्रे तुटतात. राउटरच्या नोंदवहीत अशा नोंदी आढळल्यास तपासणीसाठी दोन निरनिराळे पत्ते द्यावेत.

केबल आणि राउटरची क्षमता

जोडणी ३०० मेगाबिटची असून वेग नेमका ९४-९५ मेगाबिटवर अडत असेल, तर केबल पाहावी. १०० मेगाबिटच्या इथरनेटला केबलमधील आठपैकी चार तारा पुरतात. गिगाबिटसाठी आठही लागतात. एखादी तार तुटली किंवा टोकाशी नीट बसली नाही, की दोन्ही उपकरणे गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतात. जुन्या राउटरांत बाहेरच्या जोडणीचे पोर्टच तेवढ्या क्षमतेचे असते. अशा वेळी कितीही सेटिंग बदलले तरी उपयोग होत नाही.

राउटरच्या प्रोसेसरवरील ताण हे दुसरे कारण. वाहतूक जलद पुढे सारण्यासाठी अनेक राउटरांत हार्डवेअरची खास सोय असते. परंतु भारविभागणी, वेगनियंत्रण किंवा वापराची आकडेवारी सुरू केली की काही राउटरांत ती सोय बंद होते व सर्व भार प्रोसेसरवर येतो. आकडेवारीचे रंगीत आलेख बंद केल्यावर वेग परत आल्यास नवल वाटू नये.

पत्ते आणि नावे

दोन्ही सेवापुरवठादारांच्या पेट्या पुष्कळदा १९२.१६८.१.१ हाच पत्ता वापरतात. मग कोणते पॅकेट कोणत्या दाराने पाठवावे, हे राउटरला उमगत नाही. एका पेटीचा पत्ता १९२.१६८.२.१ असा करावा आणि राउटरचे स्वतःचे जाळे या दोहोंपेक्षा वेगळे ठेवावे.

पान उघडण्यास आरंभी चार-पाच सेकंद लागतात व नंतर ते झपाट्याने येते, असे असेल तर डीएनएस तपासावा. एका कंपनीचा डीएनएस सर्व्हर दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवरून आलेल्या प्रश्नाला उत्तर नाकारू शकतो. प्रत्येक डीएनएस सर्व्हर त्याच्या त्याच्या जोडणीला बांधावा, किंवा ८.८.८.८, १.१.१.१ यांसारखे सार्वजनिक सर्व्हर वापरावेत. काही संकेतस्थळे उघडतात व काही अर्ध्यावर अडतात, असा प्रकार असल्यास पॅकेटचा कमाल आकार, म्हणजे एमटीयू, पाहावा. सर्वसाधारण इथरनेटवर तो १५०० बाइट असतो. पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीवर सामान्यतः १४९२.

बँकेचे संकेतस्थळ मध्येच बाहेर काढत असेल, तर त्याचे कारण वेग नसून बदलणारा पत्ता असू शकतो. एक सत्र एका जोडणीवरून व पुढचे दुसरीवरून गेल्यास बँकेला दोन निराळे ग्राहक दिसतात. अशा संकेतस्थळांसाठी एकच जोडणी नेमून देण्याची सोय बहुतेक राउटरांत असते.

तक्रार करण्यापूर्वी

थेट मापातच वेग कमी आढळला, तर प्रथम योजनेतील डेटामर्यादा संपली आहे काय, ते पाहावे. मर्यादेनंतर वेग कमी करण्याची अट अनेक योजनांत असते. भारतात २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणविण्यासाठी किमान २ मेगाबिट प्रतिसेकंद वेग आवश्यक ठरविण्यात आला आहे; २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट होती. तरीही वेग न मिळाल्यास कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. २०१२ च्या विनियमांनुसार तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी स्वतः हाताळत नाही. तक्रारीसोबत केबलने थेट घेतलेली, दिनांक व वेळ असलेली मापेच जोडावीत. राउटरमागील माप दिल्यास तंत्रज्ञ प्रथम राउटरकडेच बोट दाखवील.