शिवणीमागचे हात

दसरा-दिवाळी सरली, की बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. बैलगाड्या आणि ट्रक पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. आई-वडिलांबरोबर लेकरेही जातात. शाळेच्या मैदानावर कालपर्यंत ज्या चेंडूमागे पंधरा पोरे धावत होती, त्यामागे आता चारच उरतात. हा चेंडू कोठून आला, तो कोणी शिवला, असा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. परंतु त्या चेंडूचा इतिहास आपल्या दारातील या स्थलांतराहून फारसा निराळा नाही.

हा इतिहास सुरू होतो फाळणीपूर्व पंजाबातील सियालकोट शहरात. येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. छावणीतल्या साहेबांना टेनिसच्या रॅकेटी, क्रिकेटच्या बॅटी आणि चेंडू लागत. विलायतेहून माल येण्यास महिने लागत. तेव्हा मोडलेली रॅकेट स्थानिक सुताराकडे दुरुस्तीला गेली आणि त्यातून धंदा उभा राहिला, असे तेथे सांगतात. 1888 मध्ये सरदार गंडासिंग उबेरॉय यांनी सियालकोटात क्रीडासाहित्याची कंपनी स्थापन केली. तुतीचे लाकूड जवळ होते, काश्मीरचे विलो फार दूर नव्हते, आणि लाकूड व चामडे हाताळणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहत होते. पाहता पाहता सियालकोटचा माल सातासमुद्रापार जाऊ लागला.

याच शहरात 1931 मध्ये केदारनाथ आणि द्वारकानाथ आनंद या दोन बंधूंनी ‘सान्सपॅरिल्स’ नावाने कारखाना काढला. नाव फ्रेंच, अर्थ ‘अतुलनीय’. 1940 मध्ये परदेशी व्यापारासाठी ‘ग्रीनलँड्स’ ही जोडसंस्था निघाली. या दोन नावांच्या आद्याक्षरांतून ‘एसजी’ हा शिक्का तयार झाला. तो आज भारतातील कसोटी सामन्यांच्या चेंडूवर आपण पाहतो.

धंदा बहरात असतानाच 1947 उजाडले. सियालकोट पाकिस्तानात गेले. हिंदू आणि शीख कारखानदार, त्यांच्यासमवेत अनेक कारागीर, होते नव्हते ते मागे टाकून सरहद्द ओलांडून आले. कोणी जालंधरला स्थिरावले, कोणी मेरठला. आनंद कुटुंबही मेरठला आले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. सियालकोटच्या मेघ समाजातील कारागिरांनी जालंधरच्या भार्गव कॅम्पात संसार मांडले. घरे गेली, यंत्रे गेली, पण बोटांतले कसब कोणी हिरावून घेऊ शकले नाही. पुढे सुनील गावसकरांसारख्या मराठी फलंदाजाच्या हाती मेरठची बॅट आली, ती या कसबाच्या बळावर.

ते कसब कसे असते? क्रिकेटच्या चेंडूच्या पोटात बूच आणि लोकरीचा धागा असतो. त्यावर तुरटीने कमावून लाल रंगविलेल्या चामड्याचे चार तुकडे चढवितात. मध्यावर टाक्यांच्या सहा ओळी येतात. काही परदेशी चेंडूंवर त्यांतील काही यंत्राने घालतात, मेरठला मात्र सहाही ओळी हातानेच घातल्या जातात. एवढे सारे करून वजन 156 ते 163 ग्रॅमच्या आतच बसले पाहिजे. फुटबॉलचे गणित वेगळे. परंपरागत फुटबॉलला 32 तुकडे, 20 षट्‌कोनी आणि 12 पंचकोनी, आणि शेकडो टाके. कसलेला कारागीरही दिवसभरात मोजकेच चेंडू पुरे करतो. मजुरी मिळते ती नगावर, जशी आपल्या ऊसतोड्याला टनावर मिळते.

नगावर मजुरी असली, की घरातला प्रत्येक हात कामाला जुंपला जातो. सियालकोटात तेच झाले. 1996 मध्ये जगासमोर आले, की तेथे चौदा वर्षांखालील सुमारे सात हजार मुले फुटबॉल शिवीत आहेत. श्रीमंत देशांतील मुलांच्या खेळण्यासाठी गरीब देशांतील मुले सुई ओढीत होती! मोठी खळबळ उडाली. 14 फेब्रुवारी 1997 रोजी अमेरिकेतील अटलांटा येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना, युनिसेफ आणि सियालकोटचे व्यापारी मंडळ यांच्यात करार झाला. घरोघरची शिवण नोंदणीकृत केंद्रांत आली, मुलांसाठी शाळा निघाल्या. जालंधरच्या उत्पादकांनीही पुढे असेच पाऊल उचलले. हे सारे चांगलेच झाले. मात्र घर सोडून केंद्रावर जाणे ज्यांना शक्य नव्हते, अशा अनेक स्त्रियांची कमाई त्यात बुडाली. लेकराच्या हातची सुई काढून घेताना त्याच्या आईच्या हाती काय ठेवायचे, हा प्रश्न मागे उरलाच.

वाचकहो, या कथेत आपले, ख्रिस्ती समाजाचेही एक पान आहे. 1873 साली सियालकोटच्या प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये दित्त नावाचा एक मनुष्य बाप्तिस्मा मागण्यास आला. तो अस्पृश्य मानलेल्या चूहडा जातीचा, पायाने अधू, अशिक्षित होता. धंदा कातडी विकत घेऊन विकण्याचा. बाप्तिस्मा झाल्यावर मिशनजवळ न राहता तो आपल्या गावी, आपल्या भाऊबंदांत परतला. त्याच्या साक्षीने पुढील काही दशकांत हजारो चूहडा कुटुंबे ख्रिस्ताकडे वळली. कातड्याच्या धंद्याला समाजाने विटाळ मानले होते. देवाने मात्र त्याच वाटेने आपला निरोप्या धाडला.

आपल्याला याचे नवल वाटायला नको. प्रेषितांच्या कृत्यांत संत पेत्र यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. यहुदी समाज अशा घराला नाक मुरडीत असे. परंतु कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हा धडा पेत्राला त्याच घराच्या धाब्यावर, समुद्राच्या वाऱ्यात मिळाला. पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी गोलरक्षक होते आणि दगडाच्या खाणीतले मजूरही. 1981 च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रकात त्यांनी शिकविले, की काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नव्हे. खेळणारा आणि मजूर, दोन्ही त्यांनी अनुभवले होते.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे हा वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा. 2023 च्या आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळविले. अशी गुणी लेकरे आपल्या वाड्यांत आणखी किती असतील! त्यांना चेंडू देणे सोपे आहे. हंगामाचे सहा महिने त्यांना मैदानाजवळ आणि शाळेजवळ ठेवणे अवघड आहे. त्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, नातेवाइकांची घरे आहेत, आणि आपल्या धर्मग्रामातील घरेही आहेत. या वर्षी ट्रक निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एकदा शेजारी जाऊन विचारावे, ‘तुमचे लेकरू आमच्याकडे ठेवाल का?’ शिमोनाने पेत्राला जागा दिली होती. आपल्या घरातही एक अंथरूण जास्तीचे पडू शकेल.