भुंग्याच्या पाठीवरची ढाल



खाचरात भाताच्या पातीवर पांढऱ्या रेघा उमटल्या, की समजावं काटेरी भुंगा आला. यालाच हिस्पा म्हणतात. किडा दाण्याएवढा, निळसर काळा, पण पाठभर काटे. हा चिलखत घालून आलेला शत्रू आहे, आणि ते चिलखत फार जुनं आहे.

किती जुनं? आपल्या कार्ला-भाज्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, तो पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून उसळून थंड झालेला लाव्हारस. त्या आगीत किड्याची खूण कुठून राहणार? पण दोन उसळ्यांच्या मधे शांततेचा काळ जाई. तेव्हा खोलगट जागी तळी साचत. तळ्याच्या गाळात रुतलेले जीव पुढच्या लाव्ह्याखाली गाडले गेले व त्यांचे दगड झाले.

असा एक थर याच पाषाणाच्या पूर्व टोकाला, नागपूरजवळ टाकळी येथे मिळाला. १८५० नंतर स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या स्कॉटिश पाद्र्यांनी त्या भागातले शंख, फळे, बिया गोळा केल्या. त्यांत किड्यांचे अवशेषही निघाले. अँड्र्यू मरे यांनी १८६० साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते होते भुंगेऱ्यांचे पाठीवरचे कठीण पंख. मऊ अंग कुजले, ढाल तेवढी उरली.

भुंगेऱ्याला पंखांच्या दोन जोड्या असतात. मागची उडण्यासाठी, पुढची टणक होऊन तिचे झाकण बनले. रशियात उरल पर्वताच्या भागात सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे भुंगेरे दगडात सापडले आहेत. त्यांचे झाकण सैल होते, पोटामागे लांब जाई, आणि त्यावर शिरांची जाळी दिसे. पुढे ते घट्ट बसत गेले. हे कुणी ठरवून केलं नाही. ज्याचं झाकण नीट बसलं तो वाचला, त्याचीच प्रजा वाढली. आपण चांगल्या लोंब्या निवडून बी राखतो ना, तसंच हे. फक्त इथं निवडणारा कुणी माणूस नव्हता.

आता कामाची गोष्ट. ही ढाल फक्त मोठ्या भुंग्याला असते. हिस्प्याची अंडी पातीच्या शेंड्याकडे असतात, आणि मऊ अळी पातीच्या दोन पापुद्र्यांमधे राहते. तिथंच गाठा.

• लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करा.
• नत्रखत गरजेपेक्षा जास्त देऊ नका.
• बांधावरचे गवत काढून टाका.

आणि एक ध्यानात ठेवा. मावा खाणारा ढालकिडाही याच भुंगेऱ्यांच्या कुळातला. त्याच्या पाठीवरही तीच ढाल, पण तो आपल्या बाजूचा शिपाई आहे. म्हणून औषध मारण्याआधी पाती उलटून बघा, कोण बसलंय ते ओळखा, मगच पंपाला हात घाला.