महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी : बंगल्याच्या बागेतून परसबागेत

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा इतिहास सांगताना ब्रिटिश अधिकाऱ्यांना श्रेय देऊन थांबण्याची प्रथा आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास, हे थंड हवेचे ठिकाण वसले व बंगल्यांभोवती विलायती बागा आल्या, हे खरेच. परंतु त्या बागांत राबणारे हात कोणाचे होते? १८३४ ते १८६४ या काळात येथील तुरुंगात चिनी व मलायी कैदी होते. बटाटे आणि विलायती भाज्यांच्या लागवडीत त्यांचा मोठा वाटा होता. फळबागेच्या इतिहासात मात्र त्यांना क्वचितच स्थान मिळते.

आजची स्ट्रॉबेरी हा मुळात दोन अमेरिकी जातींचा, अठराव्या शतकात युरोपात झालेला संकर होय. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही मातृरोपे परदेशातून येतात. वाई परिसरात त्यांच्या रनरपासून रोपे तयार होतात आणि पावसाळा सरताच लावली जातात. हे मानांकन हवामातीचे व कष्टाचे आहे, वंशाचे नव्हे.

सांगलीच्या विश्रामबागेतील गच्चीवरही हेच दिसते. हिवाळ्यात आखूड दिवसांमुळे फुले येतात. निचऱ्याची माती हवी, रोपाचा गाभा मातीत गाडला की तो कुजतो. उन्हाळ्यात रनर सावलीत जगला तर ठीक; एरवी शेतकऱ्याप्रमाणे गृहिणीलाही दरवर्षी नवे रोप आणावे लागते.