गाईचा श्वास मोजण्याचा इतिहास : साधन बदललं की प्रश्नही बदलतो

तामलवाडीच्या एखाद्या गोठ्यात कडबा खाऊन रवंथ करत बसलेली गाय डोळ्यांसमोर आणा. तिच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव कडबा आंबवतात. त्यात हायड्रोजन सुटतो, त्याचा मिथेन होतो आणि तो बहुतेक सगळा ढेकरेवाटे बाहेर पडतो. म्हणजे चाऱ्यातली थोडी ऊर्जा दुधात न जाता हवेत जाते. किती? हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८६०च्या दशकात म्युनिकमध्ये पेटेनकोफर यांनी माणूस राहू शकेल अशी बंद खोली तयार केली. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासायची, फरक काढायचा. गॉटिंगेनजवळ वेंडे इथे हेनेबर्ग यांनी हीच कल्पना जनावरांसाठी वापरली. पुढे मोकर्न इथे ऑस्कर केलनर यांनी बैलांवर मोजमापं घेतली आणि १९०५च्या ग्रंथात चाऱ्याचं मूल्य स्टार्चच्या मापात मांडलं.

खोलीतलं माप अचूक असतं, पण एका वेळी जनावरं मोजकीच. शिवाय कोंडलेली गाय नेहमीसारखी खाईलच असं नाही. १९९४मध्ये अमेरिकेत क्रिस्टन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. ठरावीक वेगाने सल्फर हेक्झाफ्लोराइड सोडणारी छोटी नळी कोटीपोटात ठेवायची आणि मोरकीला बारीक नळी लावून नाकाजवळची हवा निर्वात डब्यात गोळा करायची. दोन वायूंच्या प्रमाणावरून मिथेन निघतो. आता चरणारी गायही मोजता येऊ लागली. नंतरच्या आढाव्यांत हा तोटा खाद्यातल्या एकूण ऊर्जेच्या साधारण २ ते १२ टक्के दिसतो.

१९९६मध्ये डॉब्बेलार आणि सहकाऱ्यांनी श्वासातल्या अॅसिटोनवरून कीटोसिस ओळखता येतो का, हे तपासलं. व्यायल्यानंतर ऊर्जा कमी पडली की गाय अंगातली चरबी जाळते, त्यातून अॅसिटोन तयार होतो. इथे श्वास तोट्याचा हिशेब न राहता आजाराची खूण झाला.

आता तुमच्या प्रस्तावाकडे वळा. २ आणि १२ यांत सहापट फरक आहे. परदेशातल्या सकस खाद्यावरच्या गाईचा आकडा उचलून कडब्यावरच्या गाईला लावलात, तर खुराकाचा सल्ला चुकेल आणि पैसे शेतकऱ्याचे जातील. म्हणून कोणताही आकडा घेताना तीन गोष्टी विचारा : जनावर कोणतं, चारा कोणता, आणि मोजलं कशाने?