अल्बर्टातील तैलवाळू आणि वाफेचे तंत्र : सार्वजनिक संशोधनाच्या इतिहासातील एक प्रकरण

खनिज तेलाचा इतिहास बहुधा कंपन्या, युद्धे आणि किमती यांच्या अंगाने लिहिला जातो. तेल जमिनीतून वर आणण्याच्या तंत्राचा इतिहास मात्र अभियंत्यांच्या पाठ्यपुस्तकांपुरता मर्यादित राहिला आहे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात जड तेल वाफेच्या साहाय्याने मिळविण्याचे जे तंत्र विकसित झाले, त्यातील धोका कोणी पत्करला व त्याचे परिणाम कोणाच्या वाट्यास आले, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अल्बर्टातील वाळूत मुरलेले बिट्युमेन भूगर्भातील नैसर्गिक तापमानास जवळजवळ घनरूप असते. ते सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले तर पाण्याहून थोडे दाट होऊन वाहू लागते. १९२० च्या दशकात कार्ल क्लार्क यांनी गरम पाण्याने वाळू व तेल वेगळे करण्याची रीत सिद्ध केली आणि १९६७ मध्ये मोठी उघडी खाण सुरू झाली. तथापि खाणीने काढता येईल असा साठा एकूण साठ्याच्या पंचमांशच होता. उर्वरित साठा खोल असल्याने उष्णता जमिनीखाली नेणे हाच मार्ग उरत होता.

उष्णता खाली नेण्याची एक रीत अपघातानेच हाती आली. व्हेनेझुएलातील मेने ग्रांदे येथे १९५९ मध्ये शेल कंपनी वाफ सोडण्याचा प्रयोग करीत असताना वाफ जमीन फोडून वर आली. दाब कमी करण्यासाठी वाफेच्या विहिरी उघडल्या, तेव्हा त्यांतूनच तेल वाहू लागले. एकाच विहिरीत आळीपाळीने वाफ भरणे व तेल उपसणे ही पद्धत पुढे अल्बर्टातील कोल्ड लेक येथे रुजली. (आपल्याकडे मेहसाणा परिसरातील बलोल येथे तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९९० मध्ये निराळा मार्ग धरला. तेथे भूगर्भातील तेलाचाच काही अंश जाळून उष्णता निर्माण करण्यात आली. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.)

इंपीरियल ऑइल या कंपनीतील रसायन अभियंता रॉजर बटलर यांची कल्पना याहून वेगळी होती. एकावर एक, काही मीटर अंतराने, दोन आडव्या विहिरी खणाव्यात. वरच्या विहिरीतून वाफ सोडावी. तापलेले तेल स्वतःच्या वजनाने खालच्या विहिरीत उतरावे. तेल दाबाने ढकलावयाचे नाही, ते निथळू द्यावयाचे, हे या कल्पनेचे मर्म होय. परंतु त्या काळी आडवी विहीर खणणे हीच खर्चिक व अनिश्चित बाब होती.

येथे प्रांतिक शासनाची भूमिका निर्णायक ठरली. पीटर लोहीड यांच्या शासनाने १९७४ मध्ये तैलवाळूविषयक तंत्रज्ञान व संशोधन प्राधिकरण स्थापन केले. या प्राधिकरणाने फोर्ट मॅकमरेजवळ भूमिगत प्रयोगकेंद्र उभारले. तैलवाळूच्या थरातून खाली, २०० मीटरहून अधिक खोल, चुनखडकापर्यंत उभे कूप नेण्यात आले. खडकात बोगदे खोदण्यात आले आणि त्या बोगद्यांतून वर, तेलाच्या थरात, विहिरी घालण्यात आल्या. १९८७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात विहिरींच्या अवघ्या तीन जोड्या होत्या. तेलथरातील त्यांची लांबी सुमारे ६० मीटर होती. आरंभी उदासीन असलेले उद्योजक हे प्रयोग यशस्वी झाल्यावर भागीदार म्हणून पुढे आले. पुढील टप्प्यात ५०० मीटर लांबीच्या विहिरी घेण्यात आल्या. दरम्यान जमिनीवरूनच आडवी विहीर खणण्याचे तंत्र स्वस्त झाले, बोगद्यांची गरज उरली नाही आणि २००१ मध्ये फॉस्टर क्रीक येथे व्यापारी उत्पादन सुरू झाले. बटलर यांचे निधन २००५ मध्ये झाले. अल्बर्टाचे हे यश मुक्त बाजारपेठेचे फळ म्हणून सांगितले जाते. हा क्रम पाहता ते मत स्वीकारणे कठीण आहे.

या तंत्राची किंमतही नोंदविली पाहिजे. एक पिंप तेलासाठी साधारणतः दोन ते चार पिंपे पाण्याची वाफ लागते व त्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. शिवाय वाफ नेहमीच खाली कोंडून राहते असे नाही. मे २००६ मध्ये जॉस्लिन येथे वाढलेल्या दाबाने वरचा आच्छादक खडक फुटून वाफेचा उद्रेक झाला. २०१३ मध्ये कोल्ड लेकजवळील प्रिमरोझ क्षेत्रात बिट्युमेन भेगांवाटे पृष्ठभागावर आले. वाफेचे अतिरिक्त प्रमाण हे त्याचे एक कारण असल्याचे नियामक संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले.

प्रिमरोझचा हा प्रदेश डेने समाजाची परंपरागत शिकारभूमी होय. १९५० च्या दशकात हवाई शस्त्रसरावासाठी तो बंद करून डेनेंना तेथून दूर करण्यात आले होते. त्यामुळे २०१३ मध्ये गळती झाली, तेव्हा आपल्याच भूमीची पाहणी करण्यासाठी कोल्ड लेक येथील डेनेंना प्रवेशाची मागणी करावी लागली.