गाजरगवतावरील भुंग्याची कुळकथा

विदर्भातील गिरडच्या टेकडीवर, शेख फरीद बाबांच्या दर्ग्याच्या परिसरात, जायफळाच्या आकाराचे गोटे सापडतात. बाबांशी खोटे बोललेल्या एका व्यापाऱ्याच्या मालाचे ते दगड झाले, अशी आख्यायिका आहे. सगळाच परका माल असा जागच्या जागी शिळा होऊन पडता तर बरेच झाले असते. कारण याच मुलखातील सडकांच्या कडांनी आणि कपाशीच्या धुऱ्यांवर पावसाळ्यात पांढऱ्या बारीक फुलांनी माजणारे, अंगाला खाज आणणारे गाजरगवत हेही मूळचे अमेरिका खंडातले असून, धान्याच्या आमदानीबरोबर विनापरवाना आले असावे, असा समज आहे. लोक त्याचे खापर अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ कायद्याखाली आलेल्या गव्हावर फोडतात. परंतु पुण्यात ही वनस्पती १९५५ साली आढळली होती, तिची शास्त्रीय नोंद १९५६ साली झाली, आणि त्या गव्हाचा करार १९५६च्या ऑगस्टमधला, तेव्हा हा आरोप दप्तराच्या कसोटीला पुरता उतरत नाही.

गवत आले, पण त्याचे मायदेशीचे शत्रू मागेच राहिले. त्यांपैकी एक, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी पट्टे असलेला भुंगा, प्रथम ऑस्ट्रेलियाने १९८० साली मेक्सिकोहून नेला. १९८३ साली तो बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत आणून बंदिस्त जागी तपासण्यात आला, पिकांना तोंड लावीत नाही याची खातरजमा झाली, आणि १९८४ साली त्याला मोकळे सोडण्यात आले. तण बिनदिक्कत येते आणि त्याच्या वैऱ्याला मात्र कैफियत द्यावी लागते, हा न्याय उलटा वाटेल. परंतु मला तो योग्यच वाटतो, कारण एकदा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. पुढे हा भुंगा सूर्यफुलाची पाने कुरतडताना दिसला, तेव्हा शेतकऱ्यांत हाकाटी झाली, सरकारास चौकशी समिती नेमावी लागली, भुंग्यांचे वाटप थांबले, आणि पुनःपरीक्षेत निर्दोष ठरल्यावरच त्याला मोकळीक मिळाली. एव्हाना सरहद्दीची पर्वा न करता तो पाकिस्तानात व नेपाळात आपला आपण पोहोचला आहे.

परदेशी उपद्रवी जीव रोखावेत, आवरावेत, शक्य तर निपटावेत, हे कलम १९९२च्या जैवविविधता करारात आले, आणि अशा जीवांच्या शिरकावाचा व बस्तानाचा वेग २०३०पर्यंत किमान निम्म्याने घटवण्याचे उद्दिष्ट २०२२ साली माँट्रियलला ठरले. पण हे काम एकट्या भुंग्यावर सोपवून भागत नाही, कारण तो थंडी-उन्हाळ्यात जमिनीत दडी मारून बसतो. म्हणून ओलिताच्या पाटाकाठचे गाजरगवत त्या दिवसांत, फुलोऱ्यापूर्वीच, मुळासकट उपटावे लागते, आणि तेही हातमोजे घालून.