मॉडेल रेल्वेचा छंद कसा सुरू करायचा? स्केल, रूळ, डीसीसी आणि मोबाईल कंट्रोलची संपूर्ण माहिती

टेबलावर धावणाऱ्या छोट्या रेल्वेगाड्यांचे व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिले असतील. हुबेहूब इंजिन, डबे, बोगदा, सिग्नल, आणि हे सगळं कुणीतरी मोबाईलवरून चालवतंय. ते बघून पहिला विचार येतो तो म्हणजे, "एक इंजिन मागवूनच टाकू या!"

माझा सल्ला आहे, जरा थांबा. या छंदात नवीन माणसाचे पैसे वाया जातात ते बहुधा खरेदीचा क्रम उलटा झाल्यामुळे. आधी इंजिन येतं. मग कळतं की आणलेले रूळ त्याच्या मापाचे नाहीत, वळण घ्यायला घरात जागा नाही, किंवा अडॅप्टर आपल्या विजेवर चालत नाही. मग ते इंजिन शोकेसमध्ये जाऊन बसतं.

म्हणून या लेखात आपण योग्य क्रमाने जाऊ: आधी जागा आणि स्केल, मग रूळ, मग कंट्रोल, आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

मॉडेल रेल्वे आणि खेळण्यातली रेल्वे यात फरक काय?

खेळण्यातल्या गाडीत बॅटरी असते, रूळ प्लास्टिकचे असतात आणि गाडीचं माप ठरलेलं नसतं. मॉडेल रेल्वेत करंट धातूच्या रुळांतून चाकांमार्फत इंजिनाच्या मोटरला मिळतो. इंजिन, डबे, फलाट, माणसं हे सगळं एकाच प्रमाणात लहान केलेलं असतं.

दुसरा मोठा फरक म्हणजे स्टँडर्ड. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत जोडून वाढवता येणारी रेल्वे मांडली. इंग्लंडमध्ये हॉर्नबीच्या गाड्या १९२० मध्ये आल्या. अमेरिकेत १९३५ मध्ये एनएमआरए ही छंदिष्टांची संघटना सुरू झाली आणि तिने चाकं, रूळ यांची मापं ठरवायला सुरुवात केली. अशा स्टँडर्डमुळेच आज एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या रुळावर चालू शकतं, अर्थात स्केल आणि सिस्टीम जुळत असेल तरच.

स्केल आणि गेज म्हणजे काय?

हे दोन शब्द सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात. स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या तुलनेत मॉडेल किती पट लहान आहे ते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर.

- झेड स्केल: १:२२०, गेज ६.५ मिमी. खूपच लहान, हाताळायला नाजूक.
- एन स्केल: १:१६०, गेज ९ मिमी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी उत्तम. जपानी आणि ब्रिटिश एन थोडं मोठं असतं, पण रूळ तेच चालतात.
- एचओ स्केल: १:८७, गेज १६.५ मिमी. जगात सगळ्यात जास्त चालणारं स्केल.
- ओओ स्केल: १:७६, गेज १६.५ मिमी. प्रामुख्याने ब्रिटनमध्ये.
- ओ स्केल: साधारण १:४३ ते १:४८, गेज ३२ मिमी. मोठी खोली असेल तरच.

आता आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. आपल्या एलएचबी डब्याची लांबी सुमारे २३.५ मीटर असते. एचओमध्ये तो डबा २७ सेंमी होतो आणि एनमध्ये साधारण १४.७ सेंमी. म्हणजे २० डब्यांची पूर्ण एक्स्प्रेस एचओमध्ये उभी करायची तर फक्त डब्यांना साडेपाच मीटरच्या आसपास जागा लागेल! एनमध्ये तीच गाडी तीन मीटरमध्ये बसते.

भारतीय गाड्यांच्या बाबतीत एक गंमत आहे. आपल्या ब्रॉडगेजचं माप १६७६ मिमी. ते ८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतं, पण एचओचा रूळ १६.५ मिमीचाच असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमीच्या गेजवरून ठरलाय. त्यामुळे एचओ रुळावरचं भारतीय मॉडेल खऱ्यापेक्षा थोड्या अरुंद रुळावर धावतं. बहुतेक जण हे चालवून घेतात, मीसुद्धा घेतो.

माथेरानची गाडी करायची असेल तर? तिचा गेज ६१० मिमी आहे. तेव्हा डबे ओओच्या मापाचे (१:७६) आणि रूळ एनचे ९ मिमीवाले, अशी जोडी जमते. या प्रकाराला ओओ-९ म्हणतात आणि छोट्या घाटवळणांच्या गाडीसाठी तो मस्त आहे.

पहिली पायरी: जागा मोजा

दुकानाची वेबसाइट उघडण्याआधी घरात टेप घेऊन बसा. जागेचा निर्णय वळणावर होतो, सरळ रुळावर नाही.

एनमध्ये ३१५ मिमी त्रिज्येचं वळण प्रचलित आहे. म्हणजे अर्ध्या वर्तुळालाच ६३ सेंमी रुंदी लागते. ४ फूट बाय अडीच फूट प्लायवूडवर एक सुटसुटीत लंबगोल बसतो आणि काम झालं की फळी कपाटामागे उभी करता येते.

एचओ किंवा ओओमध्ये ४३८ मिमी त्रिज्या नेहमी वापरतात. तिथे रुंदी साधारण ८८ सेंमी आणि वर कडेची मोकळी जागा. ६ फूट बाय ४ फूट फळी धरून चाला. या वळणावर लांब एलएचबी डबे बाहेर लटकल्यासारखे दिसतात, म्हणून सुरुवातीला छोटे डबे किंवा मालगाडीचे वॅगन घेतलेले बरे.

एवढीही जागा नाही? मग गोल फिरवायचा हट्ट सोडा आणि शंटिंग यार्ड करा. ब्रिटिश छंदिष्ट अॅलन राइट यांची 'इंग्लनूक' ही रचना यासाठी प्रसिद्ध आहे. फक्त दोन सांधे, तीन मार्ग (५, ३ आणि ३ वॅगनचे) आणि ८ वॅगन. चिठ्ठ्या काढायच्या आणि निघालेल्या क्रमाने ५ वॅगनची गाडी जुळवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण क्रम ६,७२० प्रकारे लागू शकतो! एन स्केलमध्ये हे चार फूट लांब आणि फूटभर रुंद फळीवर मावतं. मुंबईच्या वन बीएचकेसाठी मला यापेक्षा चांगली सुरुवात दिसत नाही.

दुसरी पायरी: रूळ निवडा

१. धातू बघा. स्टीलचे रूळ स्वस्त असतात पण गंजतात. कोकण, मुंबई, गोवा अशा दमट हवेत निकेल सिल्व्हरचेच रूळ घ्या. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण असतं.

२. खाली खडीचा प्लास्टिक बेस असलेले रूळ नवशिक्यांसाठी सोपे. काटोचे युनिट्रॅक किंवा टोमिक्सचे रूळ टक टक जोडायचे, रोज काढायचे-घालायचे, काही बिघडत नाही. पण दोन्ही कंपन्यांचे जॉइंट वेगळे असतात, त्यामुळे कोणती तरी एकच निवडा.

३. मार्कलिनच्या एचओ रुळांत मधल्या बारीक टोकांतूनही करंट येतो. ती वेगळी सिस्टीम आहे. साध्या दोन-रुळी इंजिनासोबत तिची सरमिसळ करू नका.

४. गाडी वळून त्याच रुळावर उलट तोंडाने परत येईल असा लूप सुरुवातीला टाळा. तिथे डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्ट सर्किट होतं. त्यासाठी वेगळं सर्किट लागतं.

५. चढ हळू द्या. आपला खंडाळ्याचा घाट १ ला ३७, म्हणजे सुमारे २.७ टक्के चढाचा आहे आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही मागून बँकर इंजिन लावावं लागतं. मॉडेलमध्येही ३ टक्क्यांच्या वर जाऊ नका. ३ टक्क्यांनी ५ सेंमी उंची गाठायला १६७ सेंमी लांबी लागते. छोट्या फळीवर पूल बसत नाही तो यामुळेच.

तिसरी पायरी: डीसी की डीसीसी?

डीसी ही जुनी आणि सोपी पद्धत. रुळांत ० ते १२ व्होल्ट सोडायचे. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटवलं की गाडी उलट जाते. अडचण एकच: एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम पळतात.

डीसीसीमध्ये रुळांत कायम पूर्ण वीज असते आणि त्याच विजेतून डिजिटल संदेश जातात. प्रत्येक इंजिनात डीकोडर नावाची छोटी चिप असते. तिला स्वतःचा नंबर असतो, मोबाईल नंबरसारखाच. "३ नंबर, हळू पुढे चल" असा संदेश सगळ्या इंजिनांना मिळतो, पण पाळतो फक्त ३ नंबर. नवीन डीकोडरचा नंबर सहसा ३ च असतो, तो आपण बदलून घ्यायचा. हेडलाइट, हॉर्न, इंजिनाचा आवाज हे सगळंसुद्धा याच मार्गाने चालतं.

मला विचाराल तर एकच गाडी फिरवायची असेल तर डीसी पुरेसं आहे. मात्र इंजिन घेताना 'डीसीसी रेडी' घ्या. त्यात चिप बसवायचं सॉकेट असतं, त्यामुळे पुढे अपग्रेड करताना इंजिन बदलावं लागत नाही.

मोबाईलवरून गाडी कशी चालते?

मोबाईल स्वतः रुळांना वीज देत नाही, तो फक्त रिमोट असतो. साखळी अशी असते: मोबाईल, मग वायफाय, मग कमांड स्टेशन, मग रूळ. यासाठी तीन सोपे मार्ग आहेत.

- तयार वायफाय कमांड स्टेशन. उदाहरणार्थ रोकोचं झेड-२१. अॅप टाका, जोडा, चालवा. सोपं, पण महाग.
- ब्लूटूथ डीकोडर. हॉर्नबीच्या एचएम-७००० मालिकेतल्या चिपशी मोबाईल थेट बोलतो, वेगळं कमांड स्टेशन लागत नाही.
- स्वतः बनवा. डीसीसी-ईएक्स हा ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे. अर्डुइनो मेगा, मोटर शील्ड आणि वायफाय बोर्ड एवढ्यावर कमांड स्टेशन तयार होतं. अँड्रॉइडवर 'इंजिन ड्रायव्हर' हे मोफत अॅप त्याला जोडता येतं. कॉलेजमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनी हाच मार्ग घ्यावा, स्वस्तही पडतो आणि शिकायलाही मिळतं.

घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन यासाठी बहुधा चालून जातो, सिमकार्डची गरज नाही. फोनचा अजून एक उपयोग: गाडी एकाच ठिकाणी घसरत असेल तर तिथे स्लो मोशन व्हिडिओ काढा. नेमकं कोणतं चाक सांध्यावर चढतंय ते लगेच दिसतं.

खर्चाचा हिशोब आधी करा

भारतात हे सामान मोठ्या प्रमाणात परदेशातून येतं. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. शुल्क फक्त वस्तूवर नाही, कुरिअरचा खर्च धरून लागतं. समजा १०,००० रुपयांचा सेट आणि २,००० रुपये कुरिअर. ७० टक्के दराने शुल्कच ८,४०० रुपये होतं, आणि जीएसटी वेगळा. ऑर्डरच्या दिवशीचा दर तपासूनच बटण दाबा. भारतातल्या विक्रेत्याची किंमत जास्त वाटली तरी हा हिशोब करून मग तुलना करा.

दुसरी काळजी विजेची. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्ट असते, आपल्याकडे २३०. जपानी सेटसोबतचा अडॅप्टर फक्त १०० व्होल्टचा असेल तर तो आपल्या सॉकेटमध्ये लावू नका, जळेल. अडॅप्टरवर '१००-२४०' लिहिलंय का ते बघा. प्लगचा आकार बदलणारी पिन व्होल्टेज बदलत नाही, हे लक्षात ठेवा.

पहिल्या महिन्यात काय करायचं?

१. जमिनीवर खडूने लंबगोल आखा, प्रत्यक्ष जागा कळते.
२. रूळ आणि कंट्रोलर असलेला एक स्टार्टर सेट घ्या, किंवा रूळ, कंट्रोलर आणि सगळ्यात शेवटी एक छोटं इंजिन.
३. आठवडाभर फक्त गाडी चालवा, झाडं-डोंगर लगेच नको.
४. रूळ मऊ कापडाने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. सॅंडपेपर वापरू नका, ओरखड्यांत घाण साचते. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून आधी वीज बंद करा आणि खिडकी उघडा.
५. फळी प्लायवूडचीच घ्या. एमडीएफ पावसाळ्यात फुगतं आणि रूळ वाकडे होतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डीकोडर नसलेलं इंजिन डीसीसी रुळावर चालेल का? नाही. मोटर घूंऽऽ करत गरम होते आणि खराब होऊ शकते.

भारतीय इंजिनं तयार मिळतात का? फार कमी. अनेक जण परदेशी इंजिनाचा सांगाडा घेऊन त्यावर थ्रीडी प्रिंट केलेली भारतीय बॉडी बसवतात. हे दुसऱ्या वर्षाचं काम समजा.

प्रत्यक्ष कुठे बघता येईल? पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून सुरू आहे. खरेदीआधी एक चक्कर मारा. गाड्या समोर धावताना बघितल्या की आपल्याला काय आवडतं ते लवकर कळतं.

पंधरा वर्षांच्या मुलाला जमेल का? आरामात. २३० व्होल्टची जोडणी मात्र मोठ्यांच्या देखरेखीखाली करा.

तर मित्रांनो, क्रम लक्षात ठेवा: जागा, स्केल, रूळ, कंट्रोल, इंजिन. या क्रमाने गेलात तर पहिल्या फळीसाठी घेतलेले रूळ पाच वर्षांनी मोठ्या लेआउटमध्येही कामी येतील. तुमच्या एखाद्या रेल्वेवेड्या मित्राच्या कार्टमध्ये आत्ता इंजिन पडून असेल, तर पेमेंट करायच्या आधी त्याला हा लेख पाठवा!